दुसऱ्याच्या हाताने दिलेले मत: कोलकाता आणि अपंग मतदारांचा प्रश्न

प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वात दोन अटी एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रत्येक सज्ञान नागरिकाला एक मत असावे ही पहिली, आणि ते मत कोणाला दिले हे त्याच्याखेरीज कोणालाही कळू नये ही दुसरी. पहिली अट समतेची आहे आणि दुसरी स्वातंत्र्याची. दुसरी ढासळली की पहिलीही नावापुरती उरते, कारण ज्याचे मत दुसऱ्याला दिसू शकते त्याच्यावर दडपण आणता येते, आणि दडपणाखाली दिलेले मत मोजणीत एकच धरले गेले तरी ते त्या नागरिकाचे राहत नाही. भारतात गेल्या दोन दशकांत अपंग मतदारांसाठी जे प्रयत्न झाले त्यांचे मोल कमी नाही. परंतु ते बहुतांशी मतदाराला केंद्रापर्यंत नेण्याचे किंवा केंद्र मतदाराच्या दारी आणण्याचे होते. तेथे पोचल्यावर त्या मतदाराला स्वतःच्या हाताने, कोणाच्याही नजरेआड मत देता येते का, आणि ते नोंदले गेल्याची खात्री स्वतः करून घेता येते का, हा प्रश्न मागेच राहिला. त्याच्याही आधीचा प्रश्न मतदार यादीचा आहे, कारण यादीत ज्याचे नावच नाही त्याच्यासाठी बांधलेली उतरण निरर्थक ठरते.

हा प्रश्न कोलकात्याच्या संदर्भात तपासण्याला कारण आहे. स्वतंत्र भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे त्या पदावर येण्यापूर्वी पश्चिम बंगालचे मुख्य सचिव होते. त्यांच्या देखरेखीखाली १९५१-५२ मध्ये झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. यावर सेन यांच्या आयोगाने काढलेला तोडगा असा होता की, प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवावी, तिच्यावर त्याचे चिन्ह लावावे आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावी. लिहिता-वाचता न येणे ही नागरिकाची उणीव न मानता ती निवडणुकीच्या यंत्रणेपुढची अडचण आहे असे येथे गृहीत धरले गेले, आणि बदलण्याची जबाबदारी यंत्रणेने स्वतःवर घेतली. अपंगत्वाच्या अभ्यासात आज ज्याला सामाजिक दृष्टिकोन म्हणतात, म्हणजे अडथळा माणसाच्या शरीरात नसून भोवतालच्या रचनेत असतो ही भूमिका, तिचा इतका मोठा आणि इतका यशस्वी प्रयोग जगात क्वचितच झाला असेल. तरीही या रचनेने गृहीत धरलेला मतदार डोळस होता. चिन्हाने निरक्षराला आत घेतले, परंतु दृष्टिहीनाला पेटी ओळखण्यासाठी दुसऱ्याचेच डोळे लागत. पुढे एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली, त्यानंतर यंत्र आले, पण नजरेवरचे हे अवलंबन तसेच राहिले.

याच शहराने १९५३ मध्ये एक विलक्षण घटना पाहिली. श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या कलकत्ता दक्षिण-पूर्व मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाचे साधन गुप्ता विजयी झाले आणि भारतीय संसदेचे पहिले दृष्टिहीन सदस्य ठरले. व्यवसायाने वकील असलेले गुप्ता पुढे राज्याचे महाधिवक्ताही झाले. म्हणजे दृष्टिहीन माणूस कायदे करण्यास लायक आहे हे कोलकात्याच्या मतदारांनी प्रजासत्ताकाच्या चौथ्या वर्षीच मान्य केले. पण त्याच माणसाला स्वतःचे मत गुप्तपणे देता यावे यासाठी यंत्रावर ब्रेल आकडे येण्याला आणखी पन्नास वर्षे जावी लागली. समाजाची तयारी आणि प्रशासनाची तयारी यांच्यातले हे अंतर लक्षात घेतले, तर ‘लोकांची मानसिकता आधी बदलायला हवी’ हे नेहमी दिले जाणारे उत्तर किती अपुरे आहे हे दिसते.

बदलाची सुरुवात न्यायालयातून झाली. अपंगांच्या हक्कांसाठी झटणारे जावेद आबिदी यांनी २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्याचे याचिकेत रूपांतर झाले आणि मतदान केंद्रांवर लाकडी उतरणी बसवण्याचे निर्देश एप्रिल २००४ मध्ये निघाले. त्याच वर्षी हैदराबादमधील असिफनगर विधानसभा पोटनिवडणुकीत ब्रेल आकडे असलेले मतदान यंत्र प्रथम वापरून पाहण्यात आले. भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला २००७ मध्ये मान्यता दिली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ११ ने केंद्रीय निवडणूक आयोगाबरोबर राज्य निवडणूक आयोगांवरही दोन बंधने घातली: प्रत्येक मतदान केंद्र सुगम असले पाहिजे आणि निवडणुकीशी संबंधित सर्व साहित्य अपंग व्यक्तींना समजेल, वापरता येईल असे असले पाहिजे. या कलमामुळे जी गोष्ट तोवर सौजन्याची होती ती कायदेशीर कर्तव्य झाली.

पहिल्या बंधनाची कोलकात्यात काय अवस्था होऊ शकते हे साध्या गणिताने कळते. चाकाच्या खुर्चीसाठी उतरणीचा मान्य उतार एकास बारा असतो, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीची उतरण लागते. उत्तर कोलकात्यातील जुन्या शाळा उंच जोत्यावर बांधलेल्या आहेत आणि त्यांचे दरवाजे थेट अरुंद गल्लीत उघडतात. जोते साठ सेंटिमीटरचे असेल तर उतरण सात मीटरांहून लांब हवी, आणि तेवढी जागा गल्लीत नसते. मग मतदानाच्या आदल्या संध्याकाळी फळ्या ठोकून आखूड, खडी उतरण उभी केली जाते. तपासणीच्या तक्त्यात तिच्यापुढे ‘आहे’ अशी खूण होते, पण तिच्यावरून खुर्ची वर नेण्यासाठी मागून दोघांनी ढकलावे लागते. केंद्रापर्यंतच्या रस्त्याचा विचार तर त्या तक्त्यात नसतोच. फेरीवाल्यांनी व्यापलेले पदपथ आणि पाऊस पडला की तुंबणारे पाणी ही या शहराची रोजची वस्तुस्थिती आहे. २०२४ मध्ये रेमल चक्रीवादळ २६ मेच्या रात्री किनाऱ्याला धडकले आणि आठवडाही उलटण्याआधी, १ जूनला, कोलकात्याचे मतदान होते. मतदान केंद्र निवडताना इमारतीची सोय आधी पाहायची आणि सुगमता नंतर जोडायची ही प्रथा उलटी केल्याखेरीज, म्हणजे सुगम नसलेली इमारत केंद्र म्हणून निवडण्यासच मनाई केल्याखेरीज, हा तात्पुरतेपणा संपणार नाही.

तरीही उतरणीचा प्रश्न सोपाच म्हणावा लागेल, कारण तो पैसा आणि इच्छाशक्ती यांनी सुटणारा आहे. गुप्ततेचा प्रश्न अधिक खोल आहे. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९-एन असा आहे की, अंधत्वामुळे किंवा अन्य शारीरिक दुर्बलतेमुळे मतदाराला यंत्रावरील चिन्हे ओळखता येत नाहीत किंवा बटण दाबता येत नाही अशी मतदान केंद्राध्यक्षाची खात्री झाली, तर अठरा वर्षे पूर्ण झालेल्या सोबत्याला मतदान कक्षात नेण्याची परवानगी त्याने द्यावी. एका व्यक्तीला एका दिवशी एकाच मतदाराची सोबत करता येते आणि गुप्तता पाळण्याचे कथन तिला द्यावे लागते. हा नियम आवश्यक आहे, कारण पसंतीच्या व्यक्तीची मदत घेण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय करारानेही मानला आहे. अडचण अशी की, अनेक मतदारांच्या बाबतीत हा पर्याय न राहता एकमेव मार्ग होऊन बसतो. मदत स्वीकारायची की नाही हे ठरवण्याची मोकळीक ज्याला नाही, त्याच्या बाबतीत मदत आणि ताबा यांतली रेषा पुसट होते.

पश्चिम बंगालच्या राजकीय जीवनात ही पुसट रेषा विशेष धोक्याची ठरते. राज्यशास्त्रज्ञ द्वैपायन भट्टाचार्य यांनी ग्रामीण बंगालच्या अभ्यासातून ‘पार्टी सोसायटी’ ही संकल्पना मांडली. जात, धर्म किंवा नातेसंबंध यांच्याऐवजी राजकीय पक्ष हाच दैनंदिन व्यवहारांचा मध्यस्थ होतो, भांडण मिटवण्यापासून सरकारी लाभ मिळवण्यापर्यंत सगळे त्याच्यामार्फत होते, अशा समाजाला त्यांनी हे नाव दिले. ही कल्पना कोलकात्याला जशीच्या तशी लावता येणार नाही, परंतु पारा म्हणजे मोहल्ला आणि त्यातील क्लब यांचे पक्षांशी असलेले नाते शहरातही सर्वज्ञात आहे. जिथे अपंगत्वाचा दाखला, भत्ता किंवा चाकाची खुर्ची मिळवण्यासाठी स्थानिक कार्यकर्त्याकडे जावे लागते, तिथे तोच कार्यकर्ता मतदानाच्या दिवशी सोबती म्हणून उभा राहिला तर मतदाराने नाही कसे म्हणावे? एका दिवशी एकच मतदार ही मर्यादा घाऊक गैरप्रकार रोखते, पण एकेका घरातल्या या अवलंबनाला ती हात लावू शकत नाही.

ब्रेल आकड्यांनी या अवलंबनातून काहींची सुटका केली आहे. मतदान यंत्रावरील प्रत्येक बटणाशेजारी ब्रेलमध्ये अनुक्रमांक असतो, केंद्रावर उमेदवारांच्या नावांची ब्रेल मतपत्रिका नमुन्यादाखल मिळते, ती वाचून मतदाराने क्रमांक लक्षात ठेवायचा आणि आत जाऊन बोटांनी बटण शोधायचे, अशी ही पद्धत आहे. बेहाला येथील कलकत्ता ब्लाइंड स्कूलसारख्या १८९७ पासून चालत आलेल्या संस्थेत शिकलेल्यांना ती सुलभ वाटेल. परंतु मधुमेहाने किंवा काचबिंदूने उतारवयात दृष्टी गेलेल्या माणसाला ब्रेल येत नसते, आणि दृष्टिहीन मतदारांमध्ये अशांची संख्या वाढती आहे. त्यांच्यासाठी ध्वनीचा मार्ग हवा. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने संघीय निवडणुकांसाठी प्रत्येक मतदान केंद्रावर अपंगांना इतरांइतक्याच गुप्ततेने आणि स्वावलंबनाने वापरता येईल असे किमान एक यंत्र ठेवणे बंधनकारक केले. इंग्लंडमध्ये मतपत्रिकेवर लावायच्या स्पर्शपट्टीने चौकोन सापडतो, पण कोणता चौकोन कोणाचा हे दृष्टिहीनाला इतर कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, या कारणावरून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती व्यवस्था कायद्याची पूर्तता करत नसल्याचा निर्णय दिला. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच होती: मतदाराला एकट्याने हे काम पुरे करता येते का.

या कसोटीवर भारतातील मतदान यंत्रातली अलीकडची मोठी सुधारणा सर्वांत कमी उतरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कागदी पडताळणी ही मुक्त आणि न्याय्य निवडणुकीची अनिवार्य गरज असल्याचे म्हटले, आणि २०१९ पर्यंत प्रत्येक यंत्राला व्हीव्हीपॅट हे कागदी चिठ्ठी दाखवणारे उपकरण जोडले गेले. मत दिल्यावर उमेदवाराचे नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. दृष्टिहीन मतदाराला यांतले काहीच मिळत नाही. यंत्राचा आवाज मत नोंदल्याचे सांगतो, पण कोणाला नोंदले हे सांगत नाही. इतरांसाठी जी पडताळणी अनिवार्य मानली गेली ती या नागरिकांच्या बाबतीत वगळली गेली, आणि त्याची पुरेशी चर्चाही झाली नाही. चिठ्ठीवरचा मजकूर कानाला लावायच्या हेडफोनमधून ऐकवणे अशक्य नाही. यंत्राची सुरक्षितता आणि आवाज बाहेर न फुटण्याची काळजी या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या अभियंत्यांनी सोडवायच्या आहेत आणि आयोगाने त्यासाठी ठरावीक मुदत जाहीर करायला हवी.

घरून मतदानाकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम बदलून ऐंशी वर्षांवरील आणि अपंग मतदारांना टपाली मतपत्रिकेची मुभा देण्यात आली, पश्चिम बंगालमध्ये ती २०२१ च्या विधानसभा निवडणुकीत लागू झाली, आणि २०२४ मध्ये वयाची अट पंच्याऐंशीवर नेऊन ती प्रथमच देशभरच्या लोकसभा निवडणुकीत वापरली गेली. नमुना १२-ड भरणाऱ्या, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मतदाराच्या घरी अधिकाऱ्यांचे पथक येते, चित्रीकरण होते, पक्षांच्या प्रतिनिधींना उपस्थित राहता येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही सोय मोलाची आहे यात शंका नाही. तथापि एका खोलीच्या घरात, कुटुंबीयांच्या आणि पथकाच्या सान्निध्यात, कागदावर खूण करताना एकांत कितपत उरतो? शिवाय घरून मतदान निवडलेल्याला केंद्रावर मत देता येत नाही. रांगेत उभे राहणे, शेजाऱ्यांनी पाहणे, बोटावर शाई घेऊन परतणे या सार्वजनिक कृतीतून नागरिक म्हणून जी ओळख मिळते तीही त्याने गमावलेली असते. सुगम केंद्र उभारणे अवघड म्हणून घरून मतदान सुचवले जाऊ लागले, तर ही सोय हळूहळू वगळण्याचेच साधन बनेल.

किती मतदारांचा हा प्रश्न आहे, याचा हिशेबही अस्वस्थ करणारा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, नोंदल्या गेल्या. त्यांपैकी पश्चिम बंगालमध्ये २० लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक होत्या. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमारे ९७ कोटी मतदारांपैकी अपंग म्हणून नोंद असलेले ८८ लाख ४० हजार होते, म्हणजे जेमतेम ०.९ टक्के. अपंगत्व वयाबरोबर वाढत असल्याने प्रौढांमधले प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त असायला हवे होते. शिवाय जनगणनेच्या वेळी कायद्याने सातच प्रकारचे अपंगत्व मानले होते आणि २०१६ च्या अधिनियमाने ती संख्या एकवीस केली. निम्म्याहून अधिक अपंग मतदार एकतर यादीत नाहीत किंवा यादीत असूनही त्यांच्या अपंगत्वाची नोंद नाही, असाच याचा अर्थ होतो. कोणत्या केंद्रावर ब्रेल मतपत्रिका, खुर्ची किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषा लागेल याचे नियोजन या नोंदीवरून होत असल्यामुळे नोंद नसलेल्या मतदाराची गरजही प्रशासनाच्या दृष्टीने अस्तित्वात नसते.

कलम ११ चे दुसरे बंधन, साहित्याच्या सुगमतेचे, सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे. उमेदवारांची मालमत्ता आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी जाणण्याचा मतदाराचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केला, परंतु ती प्रतिज्ञापत्रे छायाप्रतींच्या स्वरूपात प्रसिद्ध होतात आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकीय साधनांना प्रतिमा वाचता येत नाही. कर्णबधिर मतदारांसाठी तर प्रचारसभा म्हणजे हलणारे ओठच असतात. पक्षांनी आपले जाहीरनामे सांकेतिक भाषेत आणि सोप्या भाषेत आणावेत, यासाठी कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

सर्वांत कठोर वगळणूक मात्र मनोरुग्ण ठरवल्या गेलेल्यांची आहे, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ मध्ये मताधिकार नाकारण्याच्या कारणांत मनोविकलतेचा उल्लेख आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम १६ त्याला अट घालते की सक्षम न्यायालयाने तसे घोषित केलेले असले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम ३ नेही मानसिक आजाराच्या निदानावरून कोणी मनोविकल ठरत नाही असे स्पष्ट केले आहे. म्हणजे रुग्णालयात दाखल असलेल्या बहुतेकांचा मताधिकार कायद्याने शाबूत असतो. आडवे येते ते १९५० च्याच अधिनियमाचे कलम २०, ज्याच्या दुसऱ्या पोटकलमानुसार मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून असल्याच्या कारणावरून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी मानला जात नाही. मागे घर आहे, तेथे यादीत नाव आहे आणि काही आठवड्यांनी माणूस परतणार आहे, असे गृहीत धरले तर ही तरतूद निरुपद्रवी वाटते. परंतु बरे होऊनही कुटुंब परत नेत नाही म्हणून दहा-दहा, वीस-वीस वर्षे रुग्णालयातच राहिलेल्यांना दुसरा पत्ताच नसतो. कायदा त्यांचा मताधिकार काढून घेत नाही. त्यांना कुठलेच रहिवासी मानत नाही, आणि परिणाम तोच होतो.

कोलकात्यात ही कोंडी एकदा फुटली आहे. सरकारी मनोरुग्णालयांत रहिवाशांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या, रत्नाबोली राय यांनी उभ्या केलेल्या ‘अंजली’ या संस्थेने मताधिकाराचा आग्रह धरला, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत गोबरा भागातील पावलोव्ह रुग्णालयाच्या काही रहिवाशांनी मतदान केले. त्याच निवडणुकीत चेन्नईच्या किलपॉक येथील मानसिक आरोग्य संस्थेतील दीडशेच्या आसपास रहिवाशांसाठी आवारातच केंद्र होते. रुग्णालयातील कर्मचारी आपल्या मर्जीप्रमाणे मते फिरवतील, हा यावरचा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण तो वृद्धाश्रमांना, वसतिगृहांना आणि एकत्र कुटुंबांनाही लागू पडतो, आणि तिथे उपाय म्हणून कोणी मताधिकार गोठवत नाही, मतदान प्रक्रियेवर नजर ठेवतो. स्पेनने तर २०१८ मध्ये न्यायालयीन आदेशाने मताधिकार गमावलेल्या सुमारे एक लाख बौद्धिक अपंग व्यक्तींना तो परत दिला.

पावलोव्हमधील मतदान मात्र अधिकाऱ्यांच्या समजूतदारपणावर अवलंबून होते आणि समजूतदारपणा बदलीबरोबर निघून जातो. पश्चिम बंगालमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले तेव्हा प्रत्येकाला स्वतःचा किंवा आईवडिलांचा २००२ च्या यादीशी असलेला दुवा दाखवायचा होता, आणि १६ डिसेंबरला प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात ५८ लाखांहून अधिक नावे गळली होती. ज्याच्या घरच्यांनी त्याचे अस्तित्वच नाकारले आहे, ज्याच्याकडे शाळेचा दाखला नाही आणि ज्याला वडिलांच्या गावाचे नावही नीट आठवत नाही, त्याने हा दुवा कोठून आणायचा? घरोघर फिरणारा केंद्रस्तरीय अधिकारी रुग्णालयाच्या कक्षात स्वतःहून जाईल असे बंधन नसेल, तर असे रहिवासी ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ या वर्गातही मोजले जाणार नाहीत, कारण त्यांच्या नावावर पत्ताच नाही. महाराष्ट्रातील ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांनाही हेच कलम २० लागू आहे. अनुच्छेद ३२६ मधील शब्द बदलण्यासाठी घटनादुरुस्तीची दीर्घ वाट चालावी लागेल. कलम २० चे दुसरे पोटकलम मात्र साध्या कायद्याने बदलता येते. रुग्णालयातील दीर्घकालीन रहिवाशाने इच्छा नोंदवल्यास त्याला तेथील सर्वसाधारण रहिवासी मानावे, एवढे एक वाक्य त्यात घालण्यास संसदेचे साधे बहुमत पुरे आहे.